सावित्रीच्या काठावरून गेलेली जुनी वाट

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी 'प्राचीन काळातील खुष्कीचे व्यापारमार्ग' हा विषय सुचविला, तेव्हा एका स्नेह्याने विचारले, की महाड-पोलादपूरच्या मुलांना रेशमाचे काफिले आणि उंटांचे तांडे यांच्याशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. आपल्या मुलांना रायगड ठाऊक आहे. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्यावर केलेला सत्याग्रह ठाऊक आहे, आणि या दोन्ही गोष्टींचा त्यांना अभिमानही आहे. पण त्याच्या फार पूर्वी, दीड-दोन हजार वर्षांमागे येथे काय होते, असे वर्गात विचारले, की ठरलेले उत्तर येते : "जंगल होते, सर."

जंगल होतेच. पण त्या जंगलातून एक वाट जात होती. ती वाट आपल्या खाडीला घाटमाथ्याशी जोडत होती, आणि घाटमाथा सातवाहनांच्या राजधानीशी, तेथून पुढे उत्तरेच्या मोठ्या पेठांशी जोडलेला होता. खाडीच्या तोंडाबाहेर अरबस्तान, इराण आणि मिसरकडे जाणारा समुद्र होता. म्हणजे आपला गाव जगाच्या कडेला नव्हता. तो जगाच्या वाटेवर होता. हे मी तुम्हांला पुराव्यानिशी सांगणार आहे, आणि शेवटी त्यातून आपल्या मुलांच्या शिक्षणाबद्दल दोन शब्द बोलणार आहे. कारण या जुन्या वाटेने शिकविलेला धडा आपल्या घराघरांशी संबंधित आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

डोंगरात कोरलेले पुरावे

महाडहून मुंबईच्या दिशेने निघालात, की गाव सोडल्यावर थोड्याच अंतरावर डोंगराच्या कुशीत काळ्या खिडक्यांसारखी एक रांग दिसते. ही गांधारपाल्याची लेणी. लहानमोठी मिळून सुमारे तीस. गावाच्या दुसऱ्या अंगाला, सावित्रीच्या पलीकडे, कोल गावाजवळ आणखी काही लेणी आहेत. आपण बसमधून रोज त्यांच्या समोरून जातो आणि "पांडवांनी एका रात्रीत कोरली" असे म्हणून मोकळे होतो. ही लेणी पांडवांची नाहीत. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी कोरलेली आहेत, आणि इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहेत. तेथील ब्राह्मी लिपीतल्या एका लेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने, म्हणजे राजपुत्राने, दान दिल्याची नोंद आहे. कोलच्या लेखांत दाता म्हणून 'सेठी' येतो. सेठी म्हणजे आजचा शेठ, सावकार, बडा व्यापारी.

आता विचार करा. एवढा कठीण कातळ फोडून खोल्या, दालने आणि पाण्याच्या पोढी कोरावयाच्या, तर वर्षानुवर्षे पाथरवटांना पोटाला घालावे लागते. हा पैसा आला कोठून? केवळ नाचणी-वरीवर जगणाऱ्या मुलखात राजपुत्र आणि शेठ इतके सढळ हाताने दान कसे देऊ शकले? याचे उत्तर थोर विद्वान दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दिले आहे. ते सह्याद्रीत पायी हिंडले, आणि पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक जुनी लेणी व्यापाराच्या घाटवाटांच्या आसपास आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. व्यापाऱ्यांचे तांडे तेथून जात, मुक्काम करीत, आणि आपल्या नफ्यातील वाटा दान म्हणून ठेवीत.

आपल्या परिसराचा नकाशा उघडला, की हे चटकन पटते. बाणकोटची खाडी समुद्रातून आत शिरते. भरतीच्या पाण्याबरोबर पडाव आणि मचवे दासगावपर्यंत, महाडपर्यंत वर येत, हे बुजुर्गांनी आपल्या वाडवडिलांकडून ऐकलेले असेल. महाडला पाण्याची वाट संपते आणि डोंगराची वाट सुरू होते. येथून वरंधा घाट चढला, की भोर आणि पुढे शिरवळ. शिरवळलाही बौद्ध लेणी आहेत. पोलादपूरकडून पार घाटाने वर गेले, की जावळीचे खोरे, महाबळेश्वर आणि वाई. वाईजवळ लोहारे येथे पुन्हा लेणी. वाटेच्या पायथ्याशी लेणी आणि माथ्यावरही लेणी! जणू आजच्या रस्त्याच्या दोन टोकांना असलेली एस.टी.ची स्थानकेच.

आणखी एक पुरावा मला फार बोलका वाटतो. आपल्याच जिल्ह्यात मांदाडच्या खाडीजवळ कुडे येथे लेणी आहेत. तेथे दाते कोण कोण आहेत पाहा : माळी आहे, वैद्याच्या घरची माणसे आहेत, स्त्रिया आहेत, तांड्याचा पुढारी म्हणजे सार्थवाह आहे, आणि महिक नावाचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. हा महिक आपला गाव 'करहाकड' असा सांगतो. करहाकड म्हणजे आजचे कऱ्हाड. कऱ्हाड घाटावर, कृष्णाकाठी; कुडे खाली, खाडीकाठी; आणि मध्ये उभा सह्याद्री. तेव्हा ना मोटार, ना बोगदा, ना डांबरी सडक. तरीही कऱ्हाडचा लोखंडवाला या बाजूच्या बंदरांशी एवढा बांधला गेला होता, की त्याने येथे लेणे कोरविले. एका ओळीच्या लेखात केवढा मोठा रस्ता दडला आहे!

एका परदेशी व्यापाऱ्याची वही

दगडावरचे लेख आपल्या बाजूचे झाले. पलीकडच्या बाजूचाही एक साक्षीदार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, मिसर देशात राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक वाटाडी पुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव तिच्यावर नाही. पण कोणत्या बंदरात काय विकते, काय स्वस्त मिळते, कोठे खडक आहेत, कोणता राजा त्रास देतो, हे सारे त्याने दुकानदाराच्या चोखपणाने टिपले आहे.

त्यात कल्याण आहे, चौल आहे. चौलच्या दक्षिणेस त्याने 'मंदगोरा' आणि 'पालैपत्मै' अशी दोन नावे दिली आहेत. मंदगोरा म्हणजे मांदाड किंवा बाणकोट, आणि पालैपत्मै म्हणजे आपल्या महाडजवळचे पाले, असे काही अभ्यासकांनी म्हटले आहे. इतर अभ्यासक ही बंदरे किनाऱ्यावर अन्यत्र दाखवितात. पण ती आपल्याच किनारपट्टीवरची आहेत, याबद्दल वाद नाही.

या वहीत खुष्कीच्या मार्गाचीही नोंद आहे. भडोच बंदरातून दक्षिणेकडे २० दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पूर्वेकडे १० दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर आहे, असे तो लिहितो. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. या दोन गावांहून गाड्या भरून माल मोठ्या अवघड मुलखातून भडोचला येतो. पैठणहून रंगीत खडे, आणि तगरहून साधे कापड व मलमल. विद्यार्थी मित्रांनी अॅटलास काढून हे अंतर मोजावे. भडोच ते पैठण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. वळणे धरली तर चारशेच्या वर. ते २० दिवसांनी भागा. दिवसाला सुमारे २० किलोमीटर! बैलाची चाल, मध्ये चारापाणी, नदीचा उतार, रात्रीचा मुक्काम, हे सारे त्या एका आकड्यात आले. इतिहासात गणित नसते असे कोणी म्हणेल, तर त्याला हे उदाहरण सांगा.

माल कोणता येई? परदेशातून मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी. आपल्याकडून सुती कापड, हस्तिदंत, अकीक, मिरी आणि सुगंधी द्रव्ये. रोमन लेखक प्लिनी याने तर तक्रारच केली आहे, की हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी नाणी ओढून घेतो! या व्यापाराच्या खुणा जमिनीतही सापडल्या. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची सुबक मूर्ती होती. इटलीत, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात, १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती आपल्या तेरला मिळाली आहे. कोठे तेर आणि कोठे पाँपेई!

तांडा कसा चाले

हा माल एक माणूस शेवटपर्यंत नेत नसे. येथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. चीनचे रेशीम घेऊन एकच व्यापारी रोमपर्यंत गेला, असे फारसे घडले नाही. माल हातोहात जाई. एका पेठेचा व्यापारी पुढच्या पेठेपर्यंत, तेथून दुसरा, मग तिसरा. ज्याला आपण 'रेशीम मार्ग' म्हणतो, ते नावही त्या काळातले नाही. एका जर्मन भूगोलतज्ज्ञाने ते १८७७ साली रूढ केले. प्रत्यक्षात तो एक रस्ता नव्हता, तर वाटांचे जाळे होते.

चीनच्या सम्राटाने इसवी सनापूर्वी १३८ मध्ये झांग छ्यान नावाचा वकील पश्चिमेकडे पाठविला. वाटेत शत्रूंनी त्याला सुमारे दहा वर्षे अडकवून ठेवले. अखेर तो आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर भागात पोहोचला, आणि तेथील बाजारात त्याला काय दिसावे? चीनच्याच नैर्ऋत्य प्रांतातील बांबूच्या काठ्या आणि कापड! हे कोठून आले, असे विचारता लोक म्हणाले, आमचे व्यापारी हिंदुस्थानातून आणतात. म्हणजे सम्राटाच्या दरबाराला जी वाट ठाऊक नव्हती, ती व्यापाऱ्यांच्या पायांखालची होती.

वाळवंटात उंट, तसा आपल्या घाटात बैल. गाडी घाटात चढत नसे. पाठीवर गोणी टाकलेल्या बैलांचे तांडे चढत. सार्थवाह हा तांड्याचा प्रमुख. वाट, पाणवठे, चोरांचे अड्डे, जकातीची ठिकाणे, निरनिराळ्या मुलखांची वजने आणि नाणी, हे सारे त्याला तोंडपाठ असावे लागे. पावसाळ्याचे चार महिने घाट बंद. धुके, घसरण आणि फुगलेल्या नद्या. आपल्याला हे वेगळे सांगावयास नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर वाहने व माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होते आणि तळीये गावावर डोंगर कोसळला. यंत्रयुगातही आपला मुलूख पावसापुढे असा हतबल होतो, तर त्या काळी काय होत असेल? म्हणून तर वाटेवरच्या लेण्यांचे, पोढींचे आणि धर्मशाळांचे मोल मोठे होते.

वाट राखणारा राजा तेव्हाही लोकांना हवा असे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदात नावाच्या अधिकाऱ्याचा लेख आहे. त्याने भडोच, दशपुर, गोवर्धन आणि सोपारा येथे प्रवाशांसाठी निवारे बांधले, आणि तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा सहा नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली. आजच्या भाषेत याला सार्वजनिक बांधकाम खाते म्हणावयास हरकत नाही.

याच उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखात हिशेबाचा एक सुंदर नमुना आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या संघांकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज. म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेख सांगतो, की पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी द्यावेत. २० गुणिले १२, बरोबर २४०! उरलेल्या १००० वर पाऊण टक्का. मित्रहो, हे विणकर होते. मागावर बसणारी साधी माणसे. पण त्यांच्या संघाकडे एवढी रक्कम ठेवावी, असा विश्वास होता, आणि वर्षानुवर्षे व्याज चुकते करण्याइतका हिशेब त्यांना येत होता. व्यापाराचा खरा रस्ता दगडमातीचा नसतो. तो या विश्वासाचा आणि या हिशेबाचा असतो.

अरबस्तानची बाजू

आता या वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. मक्केचे कुरैश हे काफिल्यांचे व्यापारी होते. हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे असा त्यांचा शिरस्ता होता. कुरआन शरीफमधील 'सूरह कुरैश' मध्ये या दोन सफरींचा उल्लेख आहे, हे आपल्या मुलांना पाठ असते, पण त्यामागचा भूगोल ठाऊक नसतो. यमन म्हणजे लोबान आणि मसाल्याची बाजारपेठ, जेथे हिंदुस्थानचा माल उतरे. शाम म्हणजे रोमन मुलखाचे दार. या दोन टोकांना जोडणारा उंटांचा रस्ता म्हणजे आपल्या घाटवाटेचाच पलीकडचा भाग नव्हे काय? हजरत खदीजा (र.अ.) या स्वतः मोठ्या व्यापारी होत्या आणि त्यांचा माल काफिल्यांबरोबर शामला जाई. मुलींच्या शिक्षणाबाबत कुरकूर करणाऱ्या पालकांनी एवढी एक गोष्ट विसरू नये.

पुढे हीच ये-जा वाढली. मसऊदी हा बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी आपल्या चौलला येऊन गेला. चौलला तो सैमूर म्हणतो. तेथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, येथे जन्मलेली त्यांची मुलेबाळे होती, आणि त्यांचे तंटे सोडविण्यासाठी स्थानिक राजाने त्यांच्यातूनच एक प्रमुख नेमला होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. कोकणातील मुस्लिम समाजाचा इतिहास हा असा व्यापाराच्या, शेजाराच्या आणि परस्परांवरच्या विश्वासाच्या पायावर उभा आहे.

त्याची साक्ष द्यावयास दगडही नकोत. आपली मराठी भाषा पुरे. बाजारात गेल्यावर आपण कोणते शब्द वापरतो? दुकान, माल, किंमत, वजन, नफा, हिशेब, दलाल, हमाल, जकात. हे सारे शब्द मुळात अरबी. बाजार, बंदर, तराजू हे फारसी. 'मोसमी वारे' यातला मोसमही अरबीच. ते शब्द आज कोणा एका समाजाचे राहिले नाहीत. घाटावरचा शेतकरी आणि खाडीवरचा कोळी तेच बोलतो. आणि देवघेव एकतर्फी नव्हती. नाणेघाटाच्या लेखात आपल्या अंकांची फार जुनी चिन्हे आहेत. त्यांत शून्य नाही. ते आणि स्थानमूल्याची पद्धत पुढे आपल्याच देशात विकसित झाली. ही हिंदी आकडेमोड बगदादला पोहोचली, नवव्या शतकात अल् ख्वारिज्मीने तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि तेथून ती युरोपात गेली. युरोपवाले त्या अंकांना 'अरबी अंक' म्हणू लागले. अरब स्वतः त्यांना हिंदी म्हणत. मिरी आणि मलमल संपून गेली. हे अंक आजही जगाला पुरून उरले आहेत.

नफा कोणाचा, ओझे कोणाचे

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो.

या वाटेवर हजारो माणसे चालली. कोणी बैल हाकले, कोणी गोणी उचलल्या, कोणी होडी वल्हविली. त्यांच्या घामाशिवाय एक मणीही इकडचा तिकडे गेला नसता. पण लेण्यांत नावे कोणाची कोरली गेली? सेठीचे, सार्थवाहाचे, वैद्याचे, लोखंडाच्या व्यापाऱ्याचे. ज्यांच्याजवळ विद्या, हिशेब, वाटेची माहिती किंवा हातातले कसब होते, त्यांचे. माळ्याचेही नाव आहे, कारण त्याच्या हाती धंदा होता. केवळ ओझे वाहणाऱ्याचे नाव मला कोठे आढळले नाही. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे असे होते आणि आजही फारसे निराळे नाही.

आपल्या समाजातील घरे पाहा. मुंबई आणि मग दुबई, कुवेत, सौदी अरेबिया, कतर ही आपली आजची व्यापारवाट. पुष्कळ घरांत कमावता माणूस बाहेर, आणि घरी आई, बायको, मुले. त्या पैशावर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, शाळा-मदरशांना देणग्या मिळाल्या. आमच्या शाळेलाही मिळाल्या. ते कष्ट मी कमी लेखीत नाही. प्रवास आपल्या रक्तात आहे आणि जाऊ नका असे सांगण्याचा मला अधिकारही नाही.

पण शिक्षक म्हणून दरवर्षी एक दृश्य पाहतो. दहावीचा वर्ग भरलेला असतो. पुढच्या जूनमध्ये अकरावीत त्यांतली काही मुले दिसत नाहीत. चांगली, हुशार मुले. विचारले, की उत्तर येते, "सर, चाचांनी व्हिसा पाठवतो म्हटले आहे." काय काम करणार? "ते तिथे गेल्यावर कळेल." ज्या मुलाला गुणाकार-भागाकार तोंडी येतात, ज्याचे अक्षर मोत्यासारखे आहे, तो कोणत्या कागदावर सही करतो आहे हे न वाचता विमानात बसतो. पालकहो, जुन्या काळचा सार्थवाह असा कधी निघाला नसता. तो आधी वाट विचारी, भाषा शिके, नाणे पारखी, आणि मग बैल जुंपी.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. मुलाला पाठवा, पण रित्या हाताने पाठवू नका. दोन वर्षे थांबून त्याला आय.टी.आय.चा एखादा व्यवसाय शिकू द्या, पदविका घेऊ द्या, जमले तर पदवी. हिशेब लिहिता यावा, इंग्रजी समजावे, अरबी केवळ पढता न येता बोलता यावी. त्याच विमानातून दोघे जातात. एक हमाल म्हणून उतरतो, एक कारागीर म्हणून. तिकीट सारखे असले तरी पगार सारखा नसतो, आणि मानही सारखा नसतो. मुलींच्या बाबतीत तर मी म्हणेन, की ज्या घरातला पुरुष परदेशी आहे, त्या घरातल्या स्त्रीला बँकेचा, जमिनीचा, मुलांच्या शाळेचा कागद वाचता आलाच पाहिजे. एरवी कमाई बाहेरून येते आणि दुसऱ्याच वाटेने निघून जाते.

दुसरा धडा असा, की वाटा बदलतात. पेरिप्लसचा लेखक लिहितो, की कल्याणचे बंदर पूर्वी खुले होते. पुढे राजा बदलला आणि तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. एका हुकुमाने बंदर बसले! तगर हे एवढे मोठे शहर. आज तेर हे एक गाव आहे. आपल्याकडेही तेच झाले. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली आणि घाटमाथ्याचा माल मुंबईकडे वळू लागला. मग मोटारी आल्या आणि खाडीतले पडाव मागे पडले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिचे आपल्याला जवळचे स्थानक वीर, महाड गावात गाडी येत नाही. आखाती देशांची वाटही आज आहे तशीच उद्या राहील, याची हमी कोण देईल? एखादा कायदा बदलेल, एखादे यंत्र येईल. तेव्हा ज्याच्या हाती कसब आहे, तोच तगेल. पैठणचा व्यापारमार्ग कधीच मोडला. पण विणकराच्या बोटांतली कला टिकली म्हणून पैठणीचे नाव आजही आहे.

विद्यार्थी मित्रांना एक काम

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. येत्या सुट्टीत गांधारपाल्याची लेणी पाहून या. पावसाळ्यात नको, पायऱ्या निसरड्या होतात. जाताना वही-पेन्सिल न्या. भिंतीवर स्वतःचे नाव मात्र कोरू नका. महिकाने लेणे दिले आणि मग नाव कोरले. आपण काहीच न देता नाव कोरणे शोभत नाही. तेथे उभे राहून खाली पाहा. सावित्री आणि गांधारी दिसतील, मुंबई-गोवा रस्ता दिसेल. तांड्याचा पुढारी याच जागेवरून खाडीतल्या शिडांकडे कसा पाहत असेल, याचा विचार करा.

घरी आल्यावर आजोबा-आजींना, मोहल्ल्यातील बुजुर्गांना विचारा : आपल्या गावातून घाटावर कोणती पायवाट जात असे? मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर कोण नेई, आणि धान्य, गूळ खाली कोण आणी? तांडा कोठे उतरे? मचवा कोणत्या धक्क्याला लागे? जे ऐकाल ते तारीख घालून लिहा. शेजारच्या मराठा, महार, कोळी, वाणी घरांतूनही विचारा, कारण वाट सर्वांची होती. वर्गातले पन्नास विद्यार्थी प्रत्येकी एक वाट लिहून आणतील, तर महाड आणि पोलादपूर तालुक्यांचा एक नकाशा तयार होईल. ही माहिती छापील पुस्तकांत नाही. ती माणसांत आहे, आणि ती माणसे थकत चालली आहेत.

सावित्री आणि कृष्णा या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या एकाच डोंगरात उगम पावतात. एक पश्चिमेला आपल्याकडे उतरून अरबी समुद्राला मिळते, दुसरी पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला. आपल्या पूर्वजांनी दोन्ही दिशांना वाटा काढल्या. आपल्या मुलामुलींनीही खुशाल कोणत्याही दिशेला जावे. फक्त जाताना त्यांच्या शिदोरीत इल्म असावे, आणि परत येण्याची वाट त्यांना माहीत असावी, एवढीच दुआ करतो.